त्याच्या दारात कोण बसतंय?

31 मे 2024 च्या संध्याकाळी मी बंगळुरूतल्या एका खोलीच्या दोन्ही चाव्या ओनरच्या हातात दिल्या. त्याने भिंती बघितल्या, नळ उघडून बंद केले, गीझरचं बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "फिफ्टीन डेज. अमाउंट विल कम." अमाउंट म्हणजे माझं डिपॉझिट, एक लाख रुपये. ते यायला आठ महिने लागले आणि आले तेव्हा ते एक लाख नव्हते.

त्या ओनरचं नाव मी लिहिणार नाही. असे ओनर दिल्लीत आहेत, पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. आपल्या घरातून पहिल्यांदा पदवी घेऊन, पहिल्यांदा शहरात येऊन, पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खोली घेणाऱ्या पोरापोरींबद्दल. आपला पैसा बुडतो आणि आपणच तोंड लपवत फिरतो, त्याबद्दल.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावची. औरंगाबादच्या समाजकल्याण होस्टेलमध्ये राहून शिकले. 2022 च्या जुलैमध्ये बंगळुरूत नोकरी लागली, पगार 32,000. तिथे गेल्यावर कळलं की या शहरात दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मागायचा रिवाज आहे. भाडं 14,000, म्हणजे डिपॉझिट 1,40,000. ब्रोकरने मध्ये पडून ते एक लाखावर आणलं. ओनर म्हणाला, "मुलगी एकटी आहे म्हणून कमी केलं." मी थँक्यू म्हणाले. माझाच पैसा त्याच्याकडे ठेवायला देताना मी त्याचे आभार मानले. पुढे जे झालं त्याची सुरुवात त्या थँक्यूपासून आहे.

तो लाख कसा जमला तेही सांगते, कारण आपल्या लोकांचा लाख एका ठिकाणाहून येत नाही. 45,000 माझ्या आधीच्या नोकरीतली शिल्लक. 25,000 वडिलांनी शेळ्या विकून पाठवले. 30,000 होस्टेलच्या तीन मैत्रिणींनी आपापल्या खात्यातून दिले, त्यातल्या एकीची फेलोशिप नुकतीच आली होती. पाच घरांचा पैसा एका माणसाच्या खात्यात गेला आणि त्याला पावती म्हणून मिळालं एक अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट.

खोली शोधताना चार प्रश्न ठरलेले असतात. नेटिव्ह कुठलं? पूर्ण नाव काय? फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की समोरचा माणूस दोन सेकंद गप्प होतो, तेवढ्यात त्याचा हिशेब झालेला असतो. बंगळुरूत माझं आडनाव कुणाला लागत नव्हतं. त्याचं मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते. मग चौथ्या महिन्यात गीझर बिघडला. ओनर मेकॅनिकला घेऊन आत आला आणि त्याला भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो दिसला. "अंबेडकर?" एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणाले. तोवर दर शुक्रवारी वरच्या मजल्यावरून प्रसादाची वाटी यायची. ती त्यानंतर आली नाही.

सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये सांगितलं की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात जाऊन तिथल्या राज्य सरकारच्या नोकरीत आरक्षण मागू शकत नाही. म्हणजे सवलतीच्या वेळी माझी जात राज्याच्या हद्दीवर थांबते. खोली शोधताना ती माझ्या आधी पोचलेली असते.

आता कुणी म्हणेल, प्रसाद बंद झाला म्हणून डिपॉझिट अडवलं असं कसं म्हणता? मी तसं म्हणतच नाही. त्याच्या मनात काय होतं हे मला सिद्ध करता येणार नाही आणि मला त्यात शिरायचंही नाही. मी घडलं ते सांगते.

जूनच्या पंधरा तारखेला मी मेसेज केला. "चेक बाउन्स इश्यू, नेक्स्ट वीक." पुढच्या आठवड्यात, "पेंटर इज कमिंग." जुलैत नुसत्या दोन निळ्या टिका. ऑगस्टपासून एकच टीक. फोन उचलत नव्हता. दारावर गेले तर जिन्याचं गेट बंद आणि आतून उत्तर, "साहब घर पे नहीं है." त्याची गाडी खालीच उभी होती.

माझ्याच मजल्यावर माझ्या कंपनीतला एक मुलगा राहायचा. त्याने माझ्या एक महिना आधी खोली सोडली होती. त्याचं डिपॉझिट नवव्या दिवशी परत आलं. त्याच ओनरकडून, त्याच इमारतीत, तशाच अ‍ॅग्रीमेंटवर. मी विचारलं, कसं काय? तो म्हणाला, "काही नाही, माझ्या काकांनी एक फोन केला." काका त्याच शहरात वकील. मुलगा चांगला आहे, मनात काही नाही. त्याने मला अगदी मनापासून सल्ला दिला, "तू जरा स्ट्रिक्टली बोल ना त्यांच्याशी."

मी स्ट्रिक्टली बोलत होतेच. पण माझ्या बोलण्याच्या मागे कुणी उभं नव्हतं. त्याचे काका वकील आहेत. माझा मामा दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. त्याने फोन केला असता तरी काय म्हणाला असता?

इथेच आपले काही पुरोगामी मित्र मध्ये बोलतात. म्हणतात, बंगळुरूत सगळ्यांचंच डिपॉझिट अडकतं, यात जात कुठून आणता, हा वर्गाचा प्रश्न आहे. अडकतं सगळ्यांचंच, मान्य. सुटतं कुणाचं, ते बघा ना. काका वकील असणं, मावशी बँकेत असणं, वडिलांचा बॅचमेट पोलिसात असणं हे आकाशातून पडत नाही. कुणाच्या आजोबाला शाळेत बसू दिलं आणि कुणाच्या आजोबाला दाराबाहेर उभं केलं, त्याचा तो आजचा हिशेब आहे. आपण जात शोधतो शिव्यांमध्ये आणि वेगळ्या कपात. शहरात ती फोनमध्ये राहते. कुणाचा नंबर बघून उचलायचा आणि कुणाचा वाजू द्यायचा, ही यादी फार जुनी आहे.

आता पैशाचं बोलू. डिपॉझिट म्हणजे काय? नुकसान झालं तर भरपाई म्हणून ठेवलेली रक्कम, असं सांगतात. प्रत्यक्षात ते भाडेकरूने ओनरला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं. माझ्या ओनरकडे सहा खोल्या होत्या. प्रत्येकीचे लाख धरले तर सहा लाख. बँकेचा सात टक्के व्याजदर धरला तरी वर्षाला 42,000 रुपये त्याला काही न करता मिळतात, आणि वर भाडं वेगळं. ज्याच्याकडे इमारत आहे त्याला कर्ज कोण देतं? ज्याच्या बापाकडे शेळ्या होत्या ती.

आणि व्याज कोण भरतं? माझं डिपॉझिट अडकलं, पण नवीन खोलीला नवीन डिपॉझिट लागलंच. माझ्या आईने बचत गटातून 50,000 उचलले. गटाचा दर शेकडा दोन, म्हणजे महिन्याला हजार रुपये. माझे एक लाख त्याच्या खात्यात फुकट बसले होते आणि त्याच काळात माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपून हजार रुपये व्याज भरत होती. जून ते जानेवारी, आठ महिने, आठ हजार रुपये. हा आकडा मी विसरणार नाही.

बाबासाहेब 1917 मध्ये कोलंबियाचं शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहावं लागलं, आणि ओळख कळल्यावर काठ्या घेतलेला जमाव दारात आला. काही तास बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. नोकरी गेली ती घर नव्हतं म्हणून. हे आपण सगळे जाणतो, जयंतीला सांगतो. पण त्यातून एक गोष्ट आपण नीट घेतली नाही: पदवी आणि नोकरी यांच्या मध्ये घर उभं असतं. ते ज्याच्या हातात आहे, तो तुमची पदवी अर्धी करू शकतो. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो 2015 मध्ये प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम नावांना नकार मिळतो, आणि घर दिलंच तर वाढीव अटींवर, हे त्यात दाखवलं आहे. त्या वाढीव अटींतली सगळ्यात मुकी अट म्हणजे डिपॉझिट. तिथे कुणी नकार देत नाही. फक्त परत करत नाही.

कायदा काय म्हणतो? कागदावर बरंच म्हणतो. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे. पण कारण सिद्ध करायचं आपण, आणि ओनर ते कारण तोंडाने कधी बोलतो का? तो म्हणतो, "ओन्ली फॅमिली." तो म्हणतो, "प्युअर व्हेज." 2005 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका पारशी गृहनिर्माण सोसायटीची फक्त पारशांनाच सभासद करण्याची अट वैध ठरवली. म्हणजे दार लावून घ्यायला न्यायालयाचीही हरकत नाही. 2021 मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येणार नाही आणि ताबा परत घेताना कपात वजा करून डिपॉझिट परत द्यायचं, असं लिहिलंय. पण तो नमुना आहे. राज्यांनी आपला कायदा केला तर लागू, नाही तर फाईलमध्ये.

हे सगळं वाचून मी सप्टेंबरात थकले होते. घरी फोन केला. वडील म्हणाले, "जाऊ दे माय, मोठ्या माणसाशी वैर नको. परक्या मुलखात एकटी आहेस." ते भित्रे नाहीत. त्यांनी नामांतराच्या दिवसांत गावचा बहिष्कार सोसलाय. पण मोठ्या माणसाकडे अडकलेला पैसा मागायचा नसतो, हे त्यांच्या अंगात चार पिढ्यांनी मुरवलंय. सालगड्याने मालकाला हिशेब विचारायचा नसतो. तोच धडा आपण इंग्रजीत बोलायला लागलो तरी विसरत नाही. मी पाठवलेले मेसेज पुन्हा वाचा: "सर, सॉरी टू डिस्टर्ब यू." "सर, काइंडली." "सर, व्हेनएव्हर पॉसिबल." अडीच महिने मी माझ्याच पैशासाठी सॉरी म्हणत होते.

मग आईने फोन घेतला. तिला अ‍ॅग्रीमेंट कळत नाही, पण कर्ज कळतं. ती म्हणाली, "आमच्या गटात बाईनं दोन हप्ते चुकवले की आम्ही दहाजणी तिच्या दारात जाऊन बसतो. त्याच्या दारात कोण बसतंय?"

या प्रश्नाने माझं डोकं जागेवर आलं. आपण शिकलो. पुढचे दोन शब्द जयंतीच्या बॅनरवर सोडून दिले.

त्या इमारतीच्या पत्रपेटीत जुन्या भाडेकरूंची बँकेची पत्रं पडून असायची, ती मी बघितली होती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला सगळे भाडेकरू माहीत. त्याच्याकडून दोघांचे नंबर मिळाले, त्या दोघांकडून तिसरा. एक केरळची नर्स, एक मणिपूरचा मुलगा, एक बिहारचा मुस्लिम मुलगा जो डिलिव्हरीचं काम करायचा. तिघांचंही डिपॉझिट अडकलेलं, कुणाचं सात महिने, कुणाचं वर्षभर. आमची जात वेगळी, धर्म वेगळा, भाषा वेगळी. सारखं एकच होतं: त्या शहरात ओनरला फोन करू शकेल असं आमचं कुणी नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच बाबतीत झालंय, आपणच काहीतरी चुकलोय. ओनरचं मौन नेमकं यावरच चालतं. तो चौघांना वेगवेगळा गप्प बसतो.

आम्ही एकाच दिवशी चौघांच्या चार लेखी नोटिसा पोचपावतीने पाठवल्या. प्रत्येकीत रक्कम, खोली सोडल्याची तारीख, पंधरा दिवसांची मुदत आणि त्यानंतर व्याजाची मागणी. उत्तर आलं नाही. मग चौघेही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेलो. दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीपुढे तडजोडीसाठी अर्ज करता येतो, हे मला पदवी घेईपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. पोलीस चौकीत दोनदा "सिव्हिल मॅटर है" ऐकून परतलेल्या आम्हा चौघांना तिथे पहिल्यांदा कुणीतरी बसा म्हटलं.

पहिल्या तारखेला ओनर आला नाही. दुसऱ्या तारखेला मुलाला घेऊन आला. पॅनेलपुढे म्हणाला, "यू पीपल वॉन्ट एव्हरीथिंग फ्री." यू पीपल म्हणजे कोण, हे त्याला कुणी विचारलं नाही. मी फक्त बँकेचं स्टेटमेंट टेबलावर ठेवलं. त्यात 1,00,000 रुपये त्याच्या खात्यात गेल्याची ओळ होती. फुकट राहिलं होतं कोण, ते त्या ओळीत लिहिलेलं होतं.

शेवट गोड करून सांगत नाही. अ‍ॅग्रीमेंटमध्ये पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं कापायची अट होती आणि खाली माझी सही होती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात वापराने होणारी स्वाभाविक झीज भाडेकरूच्या माथी मारलेली नाही, हे मला नंतर कळलं. सही आधी झाली होती. 14,000 गेले, 86,000 आले. आईचं व्याज 8,000 वजा करा, माझ्या लाखाचे 78,000 झाले. नर्सला पूर्ण रक्कम मिळाली. मणिपूरच्या मुलाने निम्म्यावर सही केली, कारण त्याला गावी जायचं होतं. चौथ्याने तारखेला येणं सोडलं. एक दिवस सुट्टी घेतली की त्याचा आठवड्याचा इन्सेन्टिव्ह जायचा. त्याचे पैसे अजून ओनरकडेच आहेत.

म्हणून पुढच्या पोरापोरींना, ज्या आत्ता कुठल्यातरी शहरात पहिली खोली बघत असतील, त्यांना सांगते. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यावर टाका आणि त्यात "डिपॉझिट" असं लिहा. सही करायच्या आधी पेंटिंगची ओळ शोधा आणि तिच्यावर भांडा, त्या दिवशी तुम्ही सगळ्यात जास्त ताकदवान असता. खोली घेताना आणि सोडताना भिंती, नळ, मीटर यांचा व्हिडिओ काढा. चावी दिल्याचं त्याच मिनिटाला मेसेजवर लिहून कळवा. नोटीस लेखी द्या आणि व्याज मागा, कारण मागितलं नाही तर ते नोटिशीच्या तारखेपासून मिळण्याचा रस्ता बंद होतो. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती गप्प बसून घालवू नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळायचा हक्क 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलाय, 15100 हा नंबर त्यासाठीच आहे. लोकअदालतीतली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते, तिच्यावर अपील नसतं. महाराष्ट्रात असाल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 पाठ करा: करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तसा नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही. कित्येक मालक हे जाणूनबुजून सांगत नाहीत.

पण हे सगळं एकट्याने करू नका. हीच माझी खरी मागणी आहे, आणि ती ओनरकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्यात आता वकील आहेत, अधिकारी आहेत, बँकेत, कंपन्यांत माणसं आहेत. 14 एप्रिलला आपण लाखो रुपयांचे डीजे लावतो. प्रत्येक शहरात आपले पाच वकील आणि एक फोन नंबर का नाही? नव्याने आलेल्या पोरीला अ‍ॅग्रीमेंट वाचून देणारं, ओनरला एक फोन करणारं कुणीतरी का नाही? त्यांच्याकडे काका आहेत. आपल्याला काका बनवावे लागतील.

जानेवारी 2025 मध्ये पैसे आले, त्या रात्री मी आईला फोन केला. गटाचे 50,000 दुसऱ्या दिवशी फेडले. आईने विचारलं, "आणि त्या डिलिव्हरीच्या पोराचं काय?"

मी म्हणाले, त्याचं राहिलंय.

"मग तुम्ही तिघं अजून उठलात कसे?"

येत्या तारखेला मी सुट्टी टाकली आहे. नर्सनेही टाकली आहे. त्याचं अधिकारपत्र घेऊन आम्ही जाणार आहोत.

जयभीम.